बुटात आधी हात

बूट घालण्याआधी मी त्यात हात घालतो. ऑफिसचे बूट असोत, लग्नाकार्याचे असोत, की सकाळी फिरायला जायचे. पंजा पार पुढच्या टोकापर्यंत न्यायचा, कोपरे चाचपायचे, आतल्या अस्तरावरून बोटं फिरवायची आणि मगच पाय आत. चारचौघांत मी हे करायला लागलो की बायको डोळे वटारते. एकदा देवळाबाहेर एका बाईंनी तर मला चक्क जोडेचोर ठरवलं होतं, आणि बूट माझेच आहेत हे पटवून देताना माझी पुरेवाट झाली. पण इलाज नाही. हात न घालता पाय सारणं मला जमत नाही. ही खोड मला हिलालआप्पांनी लावली. माणसं मागे घरदार ठेवून जातात, आप्पा माझ्यासाठी भीती ठेवून गेले.

तसा मी मूळचाच भित्रा. लातूरकडून सुरतेला आलो तेव्हा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्सलांच्या पावत्या फाडायचं काम मिळालं, आणि साहेबाच्या केबिनचं दार वाजलं तरी मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. पण आप्पांना भेटल्यावर कळलं, की आपला धंदा किरकोळ विक्रीचा. घाऊक व्यापारी तळमजल्यावर राहतो.

उधन्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते बरोबर आमच्या खालच्या घरात राहायचे. मूळचे अमळनेरकडचे. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला येऊन लूम चालवायला लागले, आणि पुढे एका व्यापाऱ्याच्या गोदामात कापड तपासायला बसले. लूमवरून उतरलेले कोऱ्या कापडाचे ताके त्यांच्यापुढे यायचे. ते उलगडायचे, उजेडासमोर धरायचे, चिमटीत घ्यायचे आणि पास की नापास ते सांगायचे. आयुष्य सगळं या चिमटीत गेलं. अंगठा वर, दोन बोटं खाली, डोळे अर्धवट मिटलेले. ही चिमूट गोदामापुरती राहिली असती तर ठीक होतं, पण आप्पा लग्नात गेले की नवरदेवाला आशीर्वाद द्यायच्या आधी त्याच्या शेरवानीचा कोपरा चिमटीत घेत. गणपतीच्या मांडवात आरती चालू असताना मागच्या पडद्याचं कापड चोळून बघत. माझी त्यांची पहिली भेट जिन्यात झाली. मी नवा शर्ट घालून निघालो होतो. नाव नाही, गाव नाही, त्यांनी माझी बाहीच धरली.

"सुती म्हणून दिला का तुले?" ते म्हणाले. "सुती नही शे. उन्हायामा मरशी."

ते अहिराणीच बोलायचे, समोरचा कुठलाही असो. त्यात मराठी मिसळायची, गुजराती मिसळायची, दुकानदाराशी हिंदी. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. उन्हाळ्यात मात्र तो शर्ट घालून मी खरोखरच मरायला टेकलो.

आप्पांच्या भीतीची बिल्डिंगमध्ये थट्टा चालायची. रस्ता ओलांडताना ते शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही परक्या माणसाचं कोपर धरत. खडखडणाऱ्या पंख्याखाली बसत नसत. लिफ्टमध्ये कधी गेले नाहीत. घराबाहेर पडल्यावर गॅस बघायला परत फिरणं तर ठरलेलंच, आणि परत येऊन बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, बोलणी खाणंही ठरलेलं. कुत्रं दिसलं की आप्पा आधी थांबत, मग त्याला हात जोडत. मीही त्यांना चिडवायचो. एकदा म्हणालो, "आप्पा, एवढं भिऊन जगण्यात काय मजा?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "भेव ऱ्हाऊ दे, भाऊ. भेव गयं का मानूस गया."

भीती राहू दे, भीती गेली की माणूस गेला. मला वाटलं, भित्र्या माणसाने आपल्या सोयीसाठी काढलेली म्हण आहे. तिच्या मागे एक मेलेला माणूस उभा आहे हे मला उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी कळलं.

उत्तरायणाला सुरत जमिनीवर नसते, गच्चीवर असते. आमची गच्चीही भरली होती. भोंगे, उंधियू, आरडाओरडा. सतरंज्या अंथरलेल्या, म्हणून सगळे अनवाणी. कोपऱ्यात पोरांनी मांज्यासाठी फुटकी ट्यूबलाइट कुटली होती. आम्ही नवराबायको जेवायला खाली घरात आलो आणि थोड्या वेळाने आप्पा दारात आले. हातात तिळगुळाची वाटी. आत यायला सांगितलं तर उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले आणि कुणाचा पतंग कुणी कापला ते सांगू लागले. बायको त्यांच्या मागे जिन्याकडे बघत होती.

"आज कुणी लक्ष्मीची पावलं काढलीत का हो?" ती म्हणाली.

मीही बघितलं. वरून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर एक लाल पाऊल होतं. अगदी स्वच्छ उमटलेलं, टाच, चवडा, बोटं. पण सगळी पावलं एकाच पायाची, उजव्या. लक्ष्मी काही लंगडी येत नाही. मग माझी नजर त्या पावलांबरोबर आमच्या दारापर्यंत आली, उंबरा ओलांडून फरशीवर आली, आणि आप्पांच्या पायाखाली थांबली. तिथे थारोळं झालं होतं.

बायको किंचाळली. आप्पांनी खाली बघितलं, मग वळून मागे जिन्याकडे बघितलं.

"हाई कोनं रगत शे?" ते म्हणाले.

हे कुणाचं रक्त आहे, असं विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, दुसऱ्या कुणाला तरी लागलंय याची काळजी होती. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्यालो आहे, पण त्या प्रश्नाइतका कशालाच नाही. तळव्यात ट्यूबलाइटची काच अर्धं बोट आत गेली होती आणि पायाने मालकाला निरोपच पाठवला नव्हता.

काकू, मी आणि आप्पा रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. काच निघाली, टाके पडले. सुई टोचताना आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मग डॉक्टरांनी एक काडी घेतली, तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक दोरा होता. म्हणाले, "डोळे मिटा. पायाला दोरा टोचला की 'हो' म्हणा." आप्पांनी डोळे गच्च मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याला दोरा लावला. चवड्याला लावला. मधल्या खळग्यात, टाचेवर, पुन्हा अंगठ्याला. मग दुसरा पाय. दोरा प्रत्येक ठिकाणी वाकेपर्यंत दाबला जात होता.

"सुरू करा ना, डॉक्टरसाहेब," आप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "मी तयार शे."

काकूंनी पदर तोंडात धरला. डॉक्टरांनी काडी हळूच टेबलावर ठेवली.

साखर किती वर्षांपासून आहे, गोळ्या वेळेवर घेता का, वगैरे चौकशी झाली. पायांच्या नसा गेल्या होत्या. यापुढे घरातही अनवाणी चालायचं नाही. रोज आरशात तळवे बघायचे. बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं. जखम भरली की रोज चालायचं. चालून पाय वाचतो तर पळून जास्त वाचेल, या हिशोबाने आप्पांनी विचारलं, "पळू का?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा नवलाने बघितलं. म्हणाले, घाव पूर्ण भरल्यावर, मी बघून हो म्हटल्यावर, आणि तेही असं पळा की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम लागला तर थांबा. पळण्याचे चांगले बूट घ्या. तळवा मऊ हवा, पण टाच घट्ट धरणारी हवी, पुढून रुंद हवेत, बोटं मोकळी राहिली पाहिजेत. संध्याकाळी जाऊन घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

येताना रिक्षात आप्पांनी मला त्यांच्या दादांची गोष्ट सांगितली. हे थोरले भाऊ कशालाच भ्यायचे नाहीत. साखर त्यांनाही होती. लूमच्या खात्यात उन्हाळ्यातही अनवाणी फिरायचे, पथ्य पाळणाऱ्यांना हसायचे. पायात खिळा गेला तो दुखला नाही, म्हणून बघितला नाही. पाय काळा पडला तेव्हा बघितला. गुडघ्याखालून कापावा लागला आणि तरीही दादा वाचले नाहीत.

"तिरडीवर लिया," आप्पा म्हणाले, "आनि पायना अंगठा बांधाले बसनूत."

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या पायांचे दोन्ही अंगठे एकमेकांना दोऱ्याने बांधतात. दोरा आप्पांच्याच हातात दिला होता. त्यांनी एका अंगठ्याला फास घातला, आणि मग दोऱ्याचं दुसरं टोक तसंच हातात राहिलं. बांधायला दुसरा अंगठाच नव्हता. आजूबाजूची माणसं कुजबुजायला लागली, तसंच सोडा म्हणाली. कुणी म्हणालं, काठीला बांधा. आप्पा ते टोक धरून बसून राहिले.

"माले दोन्ही अंगठा लिसन जानं शे, भाऊ," ते म्हणाले आणि त्यांनी माझं कोपर धरलं, रस्ता ओलांडताना धरायचे तसं. रिक्षा तर सिग्नलला उभी होती. दोन्ही अंगठे घेऊन जायचंय, एवढंच त्यांना हवं होतं. त्या दिवसानंतर मी त्यांना कधी चिडवलं नाही.

जखम भरायला वेळ लागला. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर एका संध्याकाळी आम्ही बूट घ्यायला गेलो. दुकानात छतापर्यंत बूट होते आणि पोट सुटलेला एक हसरा सुरती विक्रेता होता. त्याने आप्पांना बसायला स्टूल दिलं, पायाचं माप घ्यायची पट्टी आणली. आप्पा बसलेच नाहीत. ते बुटांच्या भिंतीसमोर गेले आणि एकेक बूट उचलून त्यात हात घालू लागले. अंगठा बाहेर, बोटं आत, डोळे अर्धवट मिटलेले. ताके तपासत होते. एक नापास. दुसरा नापास.

"काका, पगमां पहेरीने जुओ ने," विक्रेता म्हणाला. "हाथमां शूं जुओ छो?" पायात घालून बघा की, हातात काय बघता?

"मारा पग आंधळा छे, भाई," आप्पा म्हणाले.

विक्रेत्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानंतर तो हळू आवाजात बोलायला लागला, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा.

शेवटी आप्पांचा हात एका निळ्या बुटात गेला आणि तिथेच राहिला. जाड पांढरा तळवा, अंगठ्याने दाबला की अंगठा बुडायचा. चेहऱ्यावर असं समाधान आलं, की जणू उत्तम प्रतीचा ताका उलगडला असावा. मी म्हणालो, "आप्पा, डॉक्टर टाचेचंही काही म्हणाले होते." त्यांनी माझं मनगट धरून माझा हात बुटात घातला. "सांग आते," म्हणाले. काय सांगणार? हाताला स्वर्गच लागत होता. विक्रेत्याने तेवढ्यातही आपलं काम केलं. आप्पांना बळेच बूट घालायला लावले, चालायला लावलं, मागून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "काका डोले छे," तो मला म्हणाला. "आ बहु पोचा छे. थोडा कडक लो." फार मऊ आहेत, काका हलतायत, जरा कडक घ्या. नापास माल खपवणाऱ्या दलालाकडे बघावं, तसं आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. ज्या हाताने उभ्या सुरतेचं कापड पास केलं त्याने हे बूट पास केले होते, आता वर अपील नव्हतं.

मग आमचं पळणं सुरू झालं. खाडीच्या कडेच्या रस्त्याने, सकाळी, ऊन चढायच्या आत. आप्पांच्या पळण्याला पळणं म्हणायचं ते त्यांच्या मानासाठी. दुधाच्या किटल्या घेतलेल्या बाया आम्हाला मागे टाकून जात. कुत्री उठायची तसदी घेत नसत, आणि याचा आप्पांना फार आनंद होता. गप्पा मारता आल्या पाहिजेत हा डॉक्टरांचा शब्द त्यांनी इतका मनावर घेतला, की ते एक क्षणही गप्प बसत नसत. गप्प बसलो तर दम लागलाय असं होईल, ही भीती. विषय संपले की रस्त्यातल्या पाट्या मोठ्याने वाचत. मला सांगितलेलं, "तू मांगे ऱ्हाय. मन्हा पायकडे ध्यान दे." म्हणून मी मागून पळायचो, त्यांच्या पायांवर डोळा ठेवून. आप्पांची आठवण आली की मला आजही आधी त्यांच्या टाचा दिसतात, चेहरा मागाहून येतो.

बुटात हात घालून बघण्याचा विधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर व्हायचा. आधी डावा, मग उजवा. एके दिवशी मी वरून उतरत होतो तर आप्पा हात उंचावून ओरडत होते, "टोचनं! टोचनं!" बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. ताक्याला चिठ्ठी लावायची टाचणी गोदामातून कपड्यांत अडकून घरी आली होती आणि बुटात पडली होती. हाताला टोचलं याचा त्यांना इतका हर्ष झाला, की तळमजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना त्यांनी तो थेंब दाखवला. मग बोट पुसलं आणि बूट खाली ठेवले. पायरीवरच बसून राहिले. हात घालायला विसरलो असतो तर, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या दिवशी आम्ही पळायला गेलो नाही.

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. रस्त्यावर एक खडा होता, लिंबाएवढा. आप्पांचा डावा पाय त्यावर पडला आणि मला मागून दिसलं, की बुटाचा तो मऊ तळवा एका बाजूला दबला आणि घोटा पार आतल्या अंगाला कलला. मी ओरडलो. आप्पा थांबले, पाय हलवून बघितला. म्हणाले, काही नाही. त्यांच्या दृष्टीने खरंच काही नव्हतं. पाट्या वाचत घरी आले.

दोन दिवसांनी संध्याकाळी काकूंनी जिन्यातून हाक मारली. हाकेतच काहीतरी होतं. मी खाली गेलो तर आप्पा खाटेवर पाय पसरून बसले होते, काकूंच्या हातात आरसा, आणि आप्पांचा एक तळहात डाव्या पायावर, एक उजव्या. त्यांचा मुलगा कडोदऱ्याच्या कारखान्यातून आलेला होता, तोही उभा होता.

"हात लाव," आप्पा मला म्हणाले. "डावा पाय गरम लागी ऱ्हायना."

मी हात लावला. उजवा पाय नेहमीसारखा गार. डावा नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा. थोडी सूज होती, पण जखम नाही, ओरखडाही नाही.

"दुखत नाही ना, आप्पा?" मुलगा म्हणाला. "मग झालं. मुरगळला असेल. तेल लावून चोळून देतो, सकाळपर्यंत उतरेल."

शेजारच्या मावशी तेल गरम करायला निघाल्यासुद्धा. मुलगा काही चुकीचं बोलत नव्हता, कुठल्याही घरात हेच बोलले असते. आप्पांनी दोन्ही हातांनी पाय झाकून घेतला.

"दुखस नही, हाईच तं दुखनं शे!" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हा एकदाच ऐकलं. "रिक्षा बलाव. दादालेबी दुखनं नही."

दादांनाही दुखलं नव्हतं. मुलगा पळत रिक्षा आणायला गेला. आप्पांनी तो पाय खाली टेकू दिला नाही; मी आणि मुलाने त्यांना उचलून नेलं. रिक्षात त्यांचे दात वाजत होते. डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला, ते बघून माझेही वाजायला लागले.

आतल्या हाडांना मार बसला होता. पायाला कळत नसल्याने आप्पा त्यावर चालत राहिले, आणि अशा पायात हाडं आतल्या आत विस्कटत जातात. चोळला असता, आणखी काही दिवस पळाला असतात, तर पायाचा पायच राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत आलात. मग आप्पांचे ते निळे बूट मागवले, बोटाने टाच दाबली, ती बोटाखाली चपटी झाली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

आप्पांनी बूट हातात घेऊन ती टाच स्वतः दाबून बघितली.

"कापड आंगवर पडस, भाऊ," ते म्हणाले. "बूट पायले धरस. मी कापड लई उनू."

कापड अंगावर पडतं, बूट पायाला धरतो. मी बुटाऐवजी कापड आणलं. चूक हाताने केली होती आणि चूक पकडलीही हातानेच, पण हे त्या वेळी मला सुचलं नाही. त्या वेळी मी फक्त प्लास्टर चढताना बघत होतो.

ते प्लास्टर पुष्कळ दिवस राहिलं. पाय उशीवर, जमिनीला टेकवायचा नाही. प्लास्टरमधून नुसती बोटं बाहेर दिसायची. आप्पा दिवसभर त्या बोटांकडे बघत पडून असायचे आणि काय विचार करायचे ते मला ठाऊक होतं. ऑफिसातून आलो की मी आधी खाली जायचो. ते डोळे मिटून विचारायचे, "अंगठा शे ना?" मी अंगठा चिमटीत धरायचो आणि म्हणायचो, "आहे." हा आमचा खेळ नव्हता. मी म्हणेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला असायचा. एखाद्या दिवशी मला उशीर झाला तर काकू सांगायच्या, "तुम्हनी वाट देखी ऱ्हायनात. माले इचारतस, पन मन्हावर इस्वास नही." आणि खरं सांगायचं तर 'आहे' म्हणण्याआधी मीही मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचो.

पाय वाचला. थोडा बसका झाला, पण वाचला. डॉक्टरांनी पळणं कायमचं बंद केलं, चालायला मात्र हो म्हणाले, बूट पळण्याचेच, पण नवे, नीट बघून. आम्ही त्याच दुकानात गेलो. तोच विक्रेता. त्याने आप्पांना ओळखलं आणि मागच्या वेळचा एक शब्दही काढला नाही. माझ्या लेखी तो थोर माणूस. या वेळी आप्पा स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. मी आणि विक्रेता त्यांच्या मागे फरशीवर उकिडवे बसलो आणि ते चालताना टाचा बघत राहिलो. टाच सरळ पडते का, घोटा कलतो का, पुढे बोटांना जागा आहे का. जे बूट शेवटी नक्की झाले ते दिसायला साधेच होते. तळवा मऊ, पण दाबला तर अंगठा अडायचा; टाचेला घट्ट वाटी. निघताना आप्पांना राहवलं नाही. त्यांनी एक हात सोडवला आणि बुटात घातला. तोंड वेडंवाकडं झालं.

"भरड शे," ते पुटपुटले. पण बूट घेतले.

त्यानंतर आम्ही चालायचो. आप्पा त्याला पळणंच म्हणायचे, आणि वेगात काही फरक पडला नसल्याने मीही म्हणायचो. पाट्या वाचणं चालूच राहिलं. संध्याकाळी आरसा, सकाळी बुटात हात. भीती त्यांनी एक दिवस सोडली नाही. तिच्या जिवावर आणखी काही वर्षं गेली, पाय दोन्ही शाबूत राहिले, आणि माझी समजूत झाली की आता हा माणूस जिंकला.

ते गेले त्या दुपारी मी ऑफिसात होतो. सकाळी नेहमीसारखे चालून आले होते. जेवल्यावर काकूंना म्हणाले, पोटात जरा जळजळतंय. सोडा घेतला, आडवे झाले, ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. अशा माणसांना कधीकधी छातीतही दुखत नाही. पायांप्रमाणे तिथूनही निरोप आला नव्हता. सगळी भीती पायांशी पहारा देत बसली होती आणि चोर वरून आला.

मी पोहोचलो तेव्हा मुलगा कडोदऱ्याहून आलेला होता. आप्पांना अंघोळ घालून बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. पाय उघडे, जमिनीला लागलेले. माझा हात आपोआप दाराकडे गेला, त्यांच्या चपला शोधायला. आप्पा अनवाणी, कुणी बघत कसं नाही! मग भानावर आलो. अंगावर घालायचं कोरं कापड शेजारी घडी करून ठेवलेलं. ते मी चिमटीत धरून बघितलं. आप्पांनी खात्रीने नापास केलं असतं.

त्यांच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्यांनी त्या कापडाच्या काठाचा दोरा ओढून काढला आणि इकडे तिकडे बघत मुलाकडे धरला. मुलाचे हात चालत नव्हते. त्याने तो माझ्याकडे दिला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही बांधा. त्यांच्या पायांचं तुम्हालाच माहीत."

मी पायांशी बसलो. डावा अंगठा चिमटीत धरला. तोंडातून शब्द निघून गेला, "आहे." कुणी ऐकलं असेल तर असो. मग उजवा घेतला. दोन्ही जवळ आणले, दोरा फिरवला, एक टोक या हातात, एक त्या हातात. दोन्ही टोकांना अंगठे होते. मी रडत होतो आणि मला दिसत नव्हतं, म्हणून दोरा जरा जोरानेच ओढला.

खांद्यावर हात पडला. काकू मागे येऊन उभ्या होत्या. रोज संध्याकाळी आरसा धरून बघायच्या तशा खाली वाकून बघत होत्या.

"भाऊ, ढिलं बांधा," त्या म्हणाल्या. "त्यासले समजस नही."

मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, सैल.